आयसीयूमधल्या बुरशीला औषध कुठलं हे नंतर, आधी ती आली कुठून ते शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुठल्यातरी हॉस्पिटलच्या आयसीयूत बुरशीचं इन्फेक्शन पसरलं अशी बातमी आली की दोन-चार दिवस तिचीच चर्चा असते, सुपरबग आला, औषधंच चालत नाहीत, इतके गेले, आणि मग दुसरं काहीतरी येतं आणि ती बातमी मागे पडते. या सगळ्यात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, की ती बुरशी एका बेडवरून दुसऱ्या बेडवर गेली कशी? मी इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर आहे, नोकरीची बहुतेक वर्षं आयसीयूत गेली, आणि मला अगदी मनापासून सांगायचंय की आउटब्रेक, म्हणजे एकाच इन्फेक्शनच्या नेहमीपेक्षा जास्त केसेस, नुसत्या औषधाने थांबत नाही, त्याचं मूळ शोधावं लागतं, आणि शोधायचं तर आपल्याकडे काहीतरी घडतंय हे आधी मान्य करावं लागतं. सगळं घोडं तिथेच अडतं.

आधी हे आयसीयूतच का होतं ते बघा. कँडिडा नावाची यीस्ट (बुरशीचाच एक प्रकार) आपल्या सगळ्यांच्या तोंडात, आतड्यात, कातडीवर थोडीफार असतेच आणि धडधाकट माणसाला तिचा काही त्रास नसतो. पण आयसीयूतल्या पेशंटच्या मानेत सेंट्रल लाईन म्हणजे मोठ्या शिरेत टाकलेली नळी असते, लघवीला कॅथेटर, घशात व्हेंटिलेटरची नळी, पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर आतड्यातलं रक्तात जायला वाट मिळते, शिरेतून टीपीएन म्हणजे सलाईनसारखं अन्न चालू असतं, आणि भारी अँटिबायोटिक्सनी आतड्यातले चांगले बॅक्टेरिया मरून गेलेले असतात त्यामुळे बुरशीला मोकळं रान मिळतं. वर स्टेरॉईड, डायबेटिस, डायालिसिस असेल तर बघायलाच नको. भारतातल्या २७ आयसीयूंमध्ये २०११-१२ साली एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात आयसीयूत आल्यानंतर रक्तात कँडिडा झालेले १४०० पेशंट सापडले, म्हणजे दर हजार ॲडमिशनला साडेसहा, आणि त्यातले जवळपास ४५ टक्के महिन्याभरात गेले. (ते सगळे फक्त बुरशीने गेले असं नाही, मुळातच खूप आजारी असतात हे लोक, पण आकडा लहान नाही.)

म्हणजे एखादी केस झाली की लगेच आउटब्रेक म्हणायचं असं नाही. पेशंटची स्वतःचीच बुरशी रक्तात गेलेली असू शकते. पण नेहमी महिन्याला एखादी केस असते तिथे एका महिन्यात चार आल्या, त्याही एकाच जातीच्या आणि एकाच कोपऱ्यातल्या बेडवर, तर तो योगायोग धरून चालत नाही. आता चार जास्त की कमी हे कळायला नेहमीचा आकडा माहीत पाहिजे ना, आणि तो बऱ्याच ठिकाणी कुणी लिहूनच ठेवत नाही. वर ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्या तपासणीत, अशी निम्मीच इन्फेक्शन सापडतात, म्हणजे कागदावर चार दिसतात तेव्हा खरी जास्त असणार हे गृहीत धरावं. त्यात लॅबचा रिपोर्ट येतो 'नॉन-अल्बिकन्स कँडिडा', म्हणजे नेहमीची अल्बिकन्स जात नाही एवढंच, बस, पुढे जात कुठली ते नाही. डॉक्टर औषध चालू करतात, पेशंट वाचतो किंवा जातो आणि फाईल बंद होते. आठवड्याने शेजारच्या बेडवर परत तेच, आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघणारं कुणी नसतं.

कँडिडा ऑरिस या जातीच्या बाबतीत तर हे फार महागात पडलं. ही यीस्ट २००९ मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या कानातून पहिल्यांदा ओळखली गेली आणि पुढच्या काही वर्षांत भारत, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला, इंग्लंड, अमेरिका असं करत जगभर दिसायला लागली. लॅबमधली नेहमीची मशिन्स तिला दुसऱ्याच जातीचं नाव द्यायची, बहुतेक वेळा कँडिडा हेम्युलोनी, त्यामुळे ती वॉर्डात फिरत असूनसुद्धा कागदावर दिसतच नव्हती. वर सांगितलेल्या १४०० केसेसमधले नमुने नीट तपासले तेव्हा ७४ ऑरिस निघाल्या, आणि २७ पैकी १९ आयसीयूंमध्ये! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, त्यात १९ नावं आहेत आणि ऑरिस सगळ्यात वरच्या गटात आहे. बहुतेक कँडिडा पेशंटच्या आतड्यात राहतात, ही मात्र कातडीवर बसते, तिथून चादरीवर, रेलिंगवर, मशीनवर उतरते आणि कोरड्या जागेवर कित्येक आठवडे जिवंत राहते. फ्लुकोनॅझोल हे आपलं हाताशी असलेलं औषध तिच्या बहुतेक नमुन्यांवर चालतच नाही.

इथे ऑक्सफर्डची गोष्ट सांगते, कारण ती प्रत्येक आयसीयूत माहीत असायला पाहिजे असं मला वाटतं. तिथल्या मेंदूविकारांच्या आयसीयूत २०१५ ते २०१७ मध्ये ऑरिसचा आउटब्रेक झाला, एकूण ७० पेशंटच्या अंगावर किंवा शरीरात ती सापडली. त्यांनी पेशंट वेगळे केले, स्वच्छता वाढवली, हात धुण्यावर लक्ष ठेवलं, सगळं केलं, तरी नवीन केसेस येतच राहिल्या. भिंती, जमीन, हवा तपासली तर तिथे फार काही मिळेना. मग त्यांनी प्रत्येक पेशंटला काय काय लावलं होतं, कधी लावलं, किती दिवस होतं याची तुलना केली, ज्यांना झालं त्यांची आणि ज्यांना नाही झालं त्यांचीही, आणि त्यातून बोट गेलं ते काखेत लावायच्या टेंपरेचर प्रोबवर, म्हणजे ताप मोजायच्या वायरवर. परत परत वापरायचा साधा प्रोब, एका पेशंटच्या काखेतून काढायचा, पुसायचा, दुसऱ्याला लावायचा. ते प्रोब तपासले तर त्यावर ऑरिस. प्रोब काढून टाकले आणि त्यानंतर केसेस उतरल्या. इतक्या उपायांनी जे जमलं नव्हतं ते ती एक वस्तू सापडल्यावर जमलं. त्याच सुमारास लंडनमधल्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये ५० केसेसचा आउटब्रेक झाला होता, तिथे अडीचशेहून जास्त स्टाफचे स्वॅब घेतले तर फक्त एक पॉझिटिव्ह निघाला. हे मुद्दाम लिहितेय, कारण आउटब्रेक झाला की सगळ्यात आधी सिस्टर लोकांवर बोट जातं.

पण हात निर्दोष असतात असंही मी म्हणणार नाही. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये १९९६ ते १९९८ या काळात पिकिया अनोमाला नावाच्या यीस्टने ३७९ नवजात बाळं आणि मुलं आजारी पडली होती, आणि तिथे स्टाफच्या हातांवर ती यीस्ट सापडली होती. तेव्हा कधी वस्तू, कधी हात, कधी दोन्ही. आधीच ठरवून शोधायला गेलं की चुकतं.

आता शोधायचं म्हणजे नेमकं काय करायचं, कारण याला फार मोठ्या मशिनरीची गरज आहे असा समज आहे आणि तो खरा नाही. पहिली गोष्ट एक मोठा कागद आणि पेन्सिल. डावीकडे पेशंट, वरती तारखा. कुठला पेशंट कुठल्या बेडवर कधी आला, कधी हलवला, ओटीत कधी गेला, लाईन कधी टाकली, डायालिसिस कुठल्या मशीनवर, ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका बघणं) झाली का, सोनोग्राफीचा प्रोब लागला का, टीपीएनची बाटली कुठून आली, इंजेक्शनचा बॅच नंबर काय, आणि पहिलं कल्चर कधी पॉझिटिव्ह आलं. आठ-दहा पेशंटचा असा तक्ता भरला ना की डोळ्यांना दिसायला लागतं, अरे हे तिघं एकाच बेडवर एकामागून एक होते, किंवा हे पाचही जण त्याच मशीनवर होते. आणि ज्यांना झालं नाही त्यांचाही तक्ता बनवायचा, हे बहुतेक जण विसरतात. सगळ्याच पेशंटना जे लागलंय ते दोषी ठरवून काय उपयोग? फरक कशात आहे ते बघायचं.

दुसरी गोष्ट, नुसतं उभं राहून बघणं. एका ड्युटीला आयसीयूच्या कोपऱ्यात उभं राहा आणि एकाच वस्तूवर नजर ठेवा, समजा ग्लुकोमीटर. सकाळी सहाला तो पहिल्या बेडवर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मध्ये कुणी पुसलं का? बीपीचा कफ, बोटाला लावायचा पल्स ऑक्सचा क्लिप, मॉनिटरच्या वायरी, पोर्टेबल एक्सरेची पाठीखाली घालायची प्लेट, सोनोग्राफीच्या जेलची बाटली जी सगळ्यांना एकच असते, गादीचं फाटलेलं कव्हर, पडदा. पडदा तर पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर सगळेच धरतात आणि तो धुवायला कधी गेला होता ते कुणाला सांगता येत नाही. या वस्तू नेमक्या कुणी पुसायच्या हे ठरलेलंच नसतं, सिस्टरला वाटतं मावशी पुसतील, मावशींना मशीनला हात लावायचा नाही असं सांगितलेलं असतं, टेक्निशियन म्हणतो माझं काम चालवायचं आहे. असं करत ती वस्तू तशीच पुढच्या बेडवर जाते.

आणि बुरशी दोन प्रकारची, हे लक्षात ठेवूनच शोधायला लागावं. कँडिडासारखी यीस्ट असेल तर हात आणि वस्तू बघायच्या. ॲस्परजिलस किंवा म्युकरसारखी तंतूंची बुरशी असेल तर ती माणसाकडून माणसाला लागत नाही, मग तिथे छत, हवा, पाणी, कपडे बघायचे. ॲस्परजिलसचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि सरळ फुप्फुसात खोलवर जातात. शेजारच्या मजल्यावर तोडफोड चाललीय, फॉल्स सीलिंग उघडलंय, एसीच्या डक्टमध्ये ओल आहे, आणि आयसीयूचं दार सतत उघडं राहतंय, इतकं पुरतं. म्हणून बांधकाम काढायच्या आधी इन्फेक्शन कंट्रोलला विचारलं पाहिजे, आणि प्रत्यक्षात आम्हाला ड्रिलचा आवाज आल्यावर कळतं की काम चालू झालंय.

कपड्यांवरून आठवलं. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्समधल्या एका मुलांच्या हॉस्पिटलमध्ये २००८-०९ मध्ये पाच मुलांना म्युकरमायकोसिस, म्हणजे म्युकर बुरशीचा आजार, झाला आणि पाचही मुलं गेली. केसेस जवळजवळ वर्षभरात पसरलेल्या, वॉर्ड वेगळे, डॉक्टर वेगळे, त्यामुळे एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे हे लक्षात यायलाच वेळ गेला. शेवटी धागा लागला तो चादरी आणि कपड्यांचा, धुऊन आलेलं लिनन जिथे उतरवायचे आणि ठेवायचे तिथेच ते खराब होत होतं. आणि ही गोष्ट सगळ्या लोकांपर्यंत पोचायला २०१४ उजाडलं. एवढी वर्षं कुठल्या दुसऱ्या हॉस्पिटलने आपलं लिनन तपासलं असतं का, याचा विचार केला की मला फार त्रास होतो.

याच्या उलट उदाहरणसुद्धा अमेरिकेतलंच आहे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये टेनेसीतल्या एका डॉक्टरने आपल्या एका, फक्त एका पेशंटबद्दल आरोग्य खात्याला कळवलं, की पाठीत स्टेरॉईडचं इंजेक्शन घेतल्यावर याला बुरशीचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचं इन्फेक्शन) झालाय आणि हे काही नेहमीचं नाही. त्या एका निरोपावरून शोध लागला की एका फार्मसीत बनवलेल्या इंजेक्शनांमध्येच बुरशी होती. एकूण साडेसातशेच्या वर लोक आजारी पडले, साठाहून जास्त गेले. ती इंजेक्शनं आणखी काही आठवडे वापरात राहिली असती तर काय झालं असतं याचा अंदाजही करवत नाही. म्हणून वर बॅच नंबर लिहायचं म्हटलं ते उगीच नाही, चिली आणि कोलंबियामध्ये तर उलटीवरच्या ओंडान्सेट्रॉन इंजेक्शनमधून रक्तात बुरशी गेली होती.

आता साफसफाई. आउटब्रेक झाला की बऱ्याच ठिकाणी आयसीयू दोन दिवस बंद करतात, फॉगिंग करतात, चार ठिकाणचे स्वॅब निगेटिव्ह येतात आणि संपलं म्हणून जाहीर करतात. फॉगिंगने घाण निघत नाही हो. आधी हाताने घासून पुसून घाण काढली पाहिजे, नाहीतर औषध त्या घाणीवरच खर्च होतं. आणि औषध कुठलं वापरताय तेही बघा, नेहमीची क्वाटर्नरी अमोनियमवाली जंतुनाशकं ऑरिसवर कमी पडतात, तिथे क्लोरीन म्हणजे आपलं हायपो किंवा हायड्रोजन पेरॉक्साईड लागतं, आणि तेही कंपनीने सांगितलेला वेळ पृष्ठभाग ओला राहिला तरच. मी स्वतः बघितलंय, हायपो अंदाजाने बादलीत ओतलेलं, सकाळी केलेलं पाणी संध्याकाळपर्यंत तेच, आणि एकाच फडक्याने ओळीने सगळी रेलिंग पुसलेली. म्हणजे साफसफाईच बुरशी पुढे नेतेय. यात त्या मावशींची चूक आहे असं मला कधीच वाटलं नाही. त्या काँट्रॅक्टवर असतात, दर दोन-तीन महिन्यांनी नवीन येतात, किती पाण्यात किती हायपो हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं, आणि मोजायला माप नसतं. एक माप, बेडगणिक वेगळं फडकं आणि भिंतीवर चित्रं काढलेला तक्ता, एवढं दिलं की काम नीट होतं, हे मी सांगू शकते.

हाताला लावायचं अल्कोहोल सॅनिटायझर मात्र ऑरिसवर चालतं, तेव्हा त्याबद्दल घाबरू नका. ग्लोव्हज घातले की हात साफ असा समज मात्र घातक आहे, एकच जोडी घालून दोन पेशंट केले तर ते उघड्या हातापेक्षाही वाईट, कारण मग हात धुवायची आठवणच होत नाही.

ज्यांच्या अंगावर बुरशी आहे पण आजार नाही असे पेशंट शोधण्यासाठी काख आणि जांघेचा स्वॅब घेतात. एक केस आली की शेजारच्या बेडवाल्यांचा आणि त्या आयसीयूतून नुकत्याच दुसरीकडे गेलेल्यांचाही घ्यावा. स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणजे अँटिफंगल चालू करायचं असं नाही, उलट सगळ्यांना 'सेफ्टी म्हणून' औषध दिलं की रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे बुरशी औषधाला दाद देईनाशी होते, आणि उद्या खरंच गरज असलेल्या पेशंटला काही उरत नाही. त्या पेशंटला वेगळी खोली, नसेल तर एका कोपऱ्यात, त्याच्यासाठी वेगळा स्टेथोस्कोप, वेगळा कफ, आणि शक्यतो वेगळी सिस्टर. वेगळी सिस्टर म्हटलं की सगळे गप्प होतात, कारण एका सिस्टरकडे तीन-चार व्हेंटिलेटरचे पेशंट असतील तर कुठलाच नियम पाळला जाणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि स्टाफ वाढवायचा विषय निघाला की बजेट आडवं येतं.

लॅबवाल्यांना एक हात जोडून विनंती, आउटब्रेकची शंका आली की ते कल्चर फेकू नका, जपून ठेवा. पुढे रेफरन्स लॅबला पाठवून जीनोम सिक्वेन्सिंग म्हणजे बुरशीच्या डीएनएची तपासणी केली तर हे सगळे एकाच मुळातले आहेत की वेगवेगळे हे पक्कं कळतं. पण त्या रिपोर्टची वाट बघत हात बांधून बसायचं नाही, तक्ता भरणं आणि प्रोब पुसणं त्याच दिवशी सुरू करता येतं.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिलं त्यावर येते. एका पेशंटच्या मुलीने मला विचारलं होतं, सिस्टर, बाबा आले तेव्हा हे नव्हतं, मग हे इथेच लागलं का? तिला वरून उत्तर मिळालं होतं की त्यांची इम्युनिटी कमी होती. ते खोटं नव्हतं पण अर्धवट होतं, कारण त्याच आयसीयूत त्याच आठवड्यात आणखी दोघांना तीच बुरशी निघाली होती आणि ते तिला कुणीच सांगितलं नाही, आम्हालाही बोलायला मनाई होती. पुढे त्यातला एक पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलला ट्रान्सफर झाला आणि त्याच्या डिस्चार्ज कार्डावर बुरशीचा शब्दसुद्धा नव्हता. ही बुरशी पेशंटच्या अंगावर महिनोन्‌महिने राहते. तिथल्या सिस्टरने त्याला साध्या वॉर्डात, दोन पेशंटच्या मध्ये झोपवलं असेल तर तिचा काय दोष?

हे लपवलं का जातं तर नाव खराब होईल म्हणून. आणि नाव खराब करण्यात, माफ करा, पण वर्तमानपत्रांचाही हात असतो. जे हॉस्पिटल तपासतं, मोजतं आणि सांगतं त्याचीच बातमी होते, जे तपासतच नाही त्याचा आकडा शून्य आणि त्याची बातमीही नाही. मग कुठला मॅनेजर म्हणेल की आपण स्क्रीनिंग सुरू करूया? तेव्हा माझी आपल्याला विनंती आहे की अशी बातमी छापताना नुसता मृतांचा आकडा आणि हॉस्पिटलचं नाव देऊन थांबू नका. त्यांना विचारा की पहिली केस कधी लक्षात आली आणि आरोग्य खात्याला कधी कळवलं, बुरशीची जात लॅबने ओळखली का, किती जणांचे स्वॅब घेतले, मूळ कशात सापडलं, ट्रान्सफर झालेल्या पेशंटच्या कागदावर लिहिलं का, आणि नातेवाइकांना सांगितलं का. ज्यांच्याकडे याची उत्तरं आहेत त्यांचं काम तेवढ्याच ठळकपणे छापा. नातेवाइकांनीही हेच विचारावं, आरडाओरडा न करता, आणि भेटायला जाताना-येताना हात साफ करावेत, धडधाकट माणसाला या बुरशीपासून सहसा धोका नसतो त्यामुळे भेटायचं टाळू नये, पेशंटला आपलं माणूस दिसायला हवं असतं.

यातलं काही छापताना कमी करायचं झालं तर माझ्याबद्दलचं काढा, प्रश्न तेवढे ठेवा.

आपली,
एक इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर